एका पिशवीवर विलायत

विलायतेला जाताना काय काय न्यावे याचे सल्ले सोलापुरात मला इतके मिळाले की, ते सगळे पाळायचे तर आगबोटीमागे दुसरी आगबोट बांधावी लागली असती. माझे मेव्हणे दत्तोपंत सुताचे व्यापारी. त्यांना तिकडची यंत्रे पाहायची होती, मला नुसते देश. त्यांनी लोखंडी पेटी, वळकटी आणि पाणी तापवायचा बंबसुद्धा बांधून तयार ठेवला. मी माझी पिशवी दाखवली. आत दोन सदरे, एक विजार, एक सोलापुरी चादर.

"एवढ्यावर?" ते हसले. "मुंबई येईपर्यंत माझी पेटी उघडायला लावाल."

मला चेव आला. "सोलापुरात परत उतरेपर्यंत ही पिशवी दुसऱ्या कोणाच्याही हातात गेली, तर ही मिशी उतरवीन!"

सोप्यात सुपारी कातरत बसलेले वडील गरजले, "अरे, मी जिवंत आहे अजून!"

बाप गेल्यावाचून आमच्याकडे मिशी उतरत नाही. भरात ते ध्यानातून गेले. पण शब्द सुटला होता आणि दत्तोपंतांनी तो झेलला होता.

जेऊरला गाडी थांबली, तशी माझी आत्या डबा घेऊन खिडकीशी आली. आत कडक भाकरी (ज्वारीची, पापडासारखी वाळवलेली) आणि शेंगाचटणी. "मोकळा डबा परत आणू नगं बाबा," ती म्हणाली. "तितलं कायतरी घालून आण." डबा पिशवीत बसला. पैज शाबूत.

मार्सेलिसच्या बंदरात जकातीच्या शिपायाने भाकरी वाजवून पाहिली, उन्हाकडे धरून पाहिली आणि ही छपराची कौले आहेत असे ठरवून वरिष्ठांना बोलावले. मी एक तुकडा चटणीसकट त्याच्या तोंडात दिला. तो रडू लागला. वरिष्ठांनीही चव घेतली. तेही रडू लागले. सगळा धक्का डोळे पुसत असताना आम्ही बाहेर पडलो. दत्तोपंतांचा बंब मात्र पोलिसांनी तोफेचे पिल्लू समजून ठेवून घेतला.

पॅरिसात थंडी होती. मी चादर खांद्यावर टाकून निघालो. दुसऱ्या दिवशी निम्मे पॅरिस चादरी पांघरून फिरत होते आणि हॉटेलवाले उघड्या गाद्यांकडे पाहत कपाळाला हात लावून बसले होते. प्रत्येक स्टेशनावर हमाल पिशवीला हात घालू पाही. मी ती तान्ह्या पोरासारखी छातीशी धरी. दत्तोपंत टक लावून वाट पाहत.

स्वित्झर्लंडचे डोंगर खरोखर पाहण्यासारखे. इतके पांढरे की, माझा कोरा सदरा तिथे मळका दिसला. आत्याचा डबा मी तिथल्या बर्फाने ठासून भरला.

परतीला कल्याणपासून दत्तोपंत घोरत होते. पिशवी माझ्या मांडीवर, मिशीला पीळ. जेऊर आले.

"आणलास का रं डबा?" आत्या खिडकीशी हजर.

"आणलाय की आत्या, पिशवीत..."

तिने दोन्ही हात आत घातले आणि पिशवीच बाहेर ओढली. दत्तोपंतांचे घोरणे त्याच क्षणी थांबले.

"गेली दुसऱ्याच्या हातात!"

"आत्या दुसरी कशी? घरचीच आहे."

"कोणाच्याही म्हणाला होतात, पाहुणे."

तिकडे आत्याने डबा उघडला होता. "ह्ये काय रं?"

"बर्फ, आत्या. डोंगरावरचा."

"पानीच हाय की! ह्येच्यासाटी समिंदर वलांडलास व्हय? आमच्या आडाला काय धाड भरली हुती?" तिने तो सगळा स्वित्झर्लंड फलाटावरच्या लिंबाच्या बुडाशी ओतला आणि पिशवी मला परत दिली. मला आता तिचा उपयोग नव्हता.

परदेशात एका पिशवीवर भागते, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. फक्त पैज लावायची तर मिशी सोडून लावावी.

सोलापुरात न्हाव्याने आपले काम केले. दुसऱ्या दिवशी बाजारातून घरी येतो, तो दारात चपलांचा ढीग. माझा ओठ पाहून निम्मी पेठ समाचाराला आलेली, आणि वडील स्वतः एकेकाला चहा देत होते. त्यांना न ओळखणारे लांबच्या गल्लीतले एक म्हातारे उपरण्याने डोळे टिपत म्हणाले, "फार भले गृहस्थ होते."

"होते बुवा," वडिलांनी त्यांच्यापुढे कप धरला. "पण पोराला पिशवी सांभाळता आली नाही."