काकूंच्या स्वयंपाकघरातली कॉफी

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्वदीर्घ मला कधीच जमलं नाही, त्याची माफी असावी. माफी कोणाकडे मागते आहे ते मलाही ठाऊक नाही, कारण हे कोणाला वाचायला देणार नाही. मी चौथीपर्यंत शिकले ती तमिळ शाळेत. बाळबोध अक्षरं वडिलांनी पाटावर रांगोळी पसरून बोटानं गिरवून घेतली. आता घरात ती वाचणारं कोणी नाही. सून तमिळ वाचते, नातवंडं इंग्रजी. म्हणून याच अक्षरांत लिहिते. जिच्याबद्दल लिहायचं आहे तिच्याबद्दल माझ्या मनात गोड असं काही नाही, आणि नसलेलं गोड कागदावर तरी कशाला आणू?

त्यांना आम्ही काकू म्हणायचो. नात्याच्या नव्हत्या. त्यांच्या घरी उडदाचे अप्पळम् लाटले जात. अप्पळम् म्हणजे आपले पापडच. लग्नघरांना, खाणावळींना ते जात. लाटणाऱ्या आम्ही आठजणी, सगळ्या आपल्यातल्या, घरी मराठी बोलणाऱ्या. तंजावरच्या राजांबरोबर आमचे पूर्वज आले आणि इथले, कुंभकोणचेच झाले. त्यांना मिळालेल्या जमिनी कधीच गेल्या, तोरा तेवढा राहिला. नवऱ्याच्या पगारात भागत नव्हतं, पण बायको कामाला जाते हे ऐकून घ्यायची एकाही घराची तयारी नव्हती. काकूंनी ही मेख बरोबर ओळखली होती. त्यांच्याकडे कोणी कामाला जात नसे. काकूंकडे "जाऊन येत" असे. मिळायची ती मजुरी नव्हती, "फुलांचे पैसे" होते.

"तुम्ही काय परक्या आहात? घरच्याच गं तुम्ही," असं त्या रोज एकदा तरी म्हणायच्या. घरच्या म्हणून सकाळी उजाडता यायचं. घरच्या म्हणून निघण्याआधी त्यांचं इडलीचं पीठ वाटून द्यायचं. त्यांची लेक बाळंतपणाला आली तेव्हा घरच्या म्हणून तिचे कपडेही आम्हीच धुतले. लाटताना पाणी प्यायला उठलं तर म्हणायच्या, "ओले हात लावाल आणि अप्पळम् चिकटतील." एकीकडून मोडले तर सगळ्यांच्या पैशांतून कापायच्या, म्हणजे मोडणारीकडे बाकीच्या सातजणी डोळे वटारून बघतील. आणि दर आठवड्याला प्रत्येकीचा एक रुपया त्या ठेवून घ्यायच्या. "तुमच्या नवऱ्यांच्या हाती लागला तर उडेल. माझ्याकडे राहू दे. दिवाळीला एकदम देईन." दिवाळीला चोळीचा खण मिळायचा. रुपये त्यांच्याकडे सुरक्षितच राहायचे.

हे सगळं मी सोसलं असतं. सोसायला मी नाही म्हटलं नसतं, कारण नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझा घसा बंद होतो, अजूनही होतो. काकू मला सगळ्यांदेखत म्हणायच्या, "ही आमची देवळातली पितळेची बाई. हातात दिवा, तोंडात काही नाही." सगळ्या हसायच्या. मीही हसायचे.

पण त्या कॉफीनं आमचं वाटोळं केलं. दुपार कलली की काकू स्वयंपाकघराच्या दारातून एकीला हाक मारायच्या. एकीलाच. आत नेऊन बसवायच्या, पितळी पेल्यात कॉफी ओतायच्या. ताज्या दळलेल्या पुडीची, दाट दुधाची. तिचा वास बाहेर आमच्या पोळपाटांपर्यंत यायचा. आणि हळूच विचारायच्या, "काय गं, आज जाड कोण लाटतंय? मला कोण काय म्हणालं?" दुसऱ्या दिवशी कोणाला तरी बोलणी बसायची, कोणाचे तरी पैसे कापले जायचे. काल कॉफी कोण प्यायली होती हे सगळ्यांना ठाऊक असायचंच.

मी बोलत नाही म्हणून मला ती हाक जास्त यायची. त्यांना वाटायचं, मुकी आहे, धमकावली की सांगेल. मी कधी काही सांगितलं नाही. कॉफी प्यायचे, मान खाली घालून बाहेर यायचे. पण बाहेर कोणाला काय ठाऊक? माझ्या गल्लीतली एक मैत्रीण होती. पहाटे आम्ही दोघी मिळून कावेरीवर आंघोळीला जायचो. एकदा तिचे पैसे कापले गेले, आणि आदल्या दिवशी कॉफी मला मिळाली होती. दुसऱ्या पहाटे ती माझ्या दाराशी थांबली नाही. मी मागून धावत गेले. तिनं वळून एवढंच म्हटलं, "साखर बरोबर होती ना गं?" मग कित्येक महिने आम्ही एकाच घाटावर वेगवेगळ्या पायऱ्यांवर बसून लुगडी पिळली.

आडी महिन्यात, म्हणजे आषाढात, माझ्या धाकटीचा कान फुटला. ताप उतरेना, उशी पुवानं भिजायची. डॉक्टरांकडे न्यायला हातात काही नव्हतं. नवरा कापडाच्या दुकानात होता, तिथली उचल आधीच घेऊन झाली होती. मी काकूंकडे गेले. घसा कसातरी उघडला आणि म्हटलं, माझे ठेवलेले पैसे द्या.

काकू हसल्या. लाटणाऱ्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ऐकलंत का? पितळेची बाई बोलली! आणि बोलली ती काय, तर पैसे द्या. अगं, घरातल्या माणसानं घरातून पैसे मागायचे? उद्या माझी सून मला पोळ्यांची मजुरी मागेल."

मी म्हटलं, "मुलीचा कान..."

"कान फुटला तर लसणीचं तेल सोड. आमच्या वेळी कोण जात होतं डॉक्टरकडे?" त्या घरात लसूण शिजत नसे, पण लेकीच्या बाळंतपणासाठी आणलेली टोपलीत पडली होती. तिच्यातली एक गड्डी उचलून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी मूठ मिटून दिली, जशी ओटी भरावी तशी.

पुढे नवऱ्यानं सायकल विकली आणि आम्ही मुलीला डॉक्टरांकडे नेलं. उशीर झाला होता. तिचा डावा कान गेला तो गेलाच. आजही तिला उजव्या बाजूनं हाक मारावी लागते. ती लसूण मी वापरली नाही. फडक्यात बांधून दिवाणाखाली ठेवली. माणसं म्हणतात, डूख धरू नये. मी धरला. सापाइतका नीट धरला.

पुन्हा कॉफीची हाक मला आली ती पुरट्टासीत, म्हणजे दोन महिन्यांनी. काकूंनी पेला पुढे केला. मी तो उचलला, उठले, आणि बाहेर चालू लागले. काही ठरवलं नव्हतं, पाय निघाले. लाटायच्या खोलीत जाऊन मी पेला सगळ्यांच्या मधोमध जमिनीवर ठेवला. बोलता येईना. हातानंच खूण केली: घ्या.

आत्यानं पेला उचलला. आत्या आमच्यात वयानं मोठी, विधवा, कोणाचीच आत्या नव्हती पण सगळ्या तिला तसंच म्हणायच्या. तिनं पेला उंच धरून, ओठाला न लावता, एक घोट घेतला आणि पुढे दिला. पेला फिरला. प्रत्येकीला एक घोट आला. माझ्या मैत्रिणीच्या हातात आला तेव्हा ती त्यात बघत राहिली.

"साखर बरोबर आहे," ती म्हणाली आणि रडायला लागली.

दारातून काकू ओरडल्या, "काय चाललंय? कॉफी तुला दिली होती!"

"घरच्याच ना आम्ही?" आत्या म्हणाली. "घरात एकटीनं खाल्लेलं अंगी लागत नाही, काकू."

त्या संध्याकाळी परतताना आम्ही आत्याच्या तिण्णैवर, म्हणजे रस्त्याकडच्या ओट्यावर बसलो. एकेक करून सगळ्यांनी सांगितलं: कोणी काय सांगितलं होतं, कोणी काहीच सांगितलं नव्हतं, कोणी घाबरून खोटं सांगितलं होतं. माझ्या मैत्रिणीचं नाव जिनं घेतलं होतं ती आमच्यातली सगळ्यात धाकटी. "मला फक्त कॉफी हवी होती गं," ती म्हणाली. त्यावर कोणाला हसू आवरलं नाही, तिलाही.

"उद्यापासून जायचंच नाही," आत्या म्हणाली. "माझं घर मोठं आहे, आतल्या अंगणात ऊन येतं, उखळ आहे. आपणच लाटू."

तेव्हा मी बोलले. हळूच बोलले, पण सगळ्या वाकून ऐकत होत्या. मी म्हटलं, "उद्या नाही. मासी महिन्यात."

मासीत, म्हणजे माघात, महामखम् होतं. बारा वर्षांनी येतं ते. सगळा मुलूख कुंभकोणच्या तळ्यात बुडी मारायला लोटतो, आणि बुडी मारून वर आलेला प्रत्येक माणूस जेवायला बसतो. काकू खाणावळींकडून, अन्नदान करणाऱ्यांकडून हावऱ्यासारख्या आगाऊ रकमा घेणार हे मला ठाऊक होतं. आम्ही थांबलो. महिनेच्या महिने मान खाली घालून लाटलं. कॉफीला जी जाईल ती सांगायची, "सगळं ठीक आहे काकू." काकू खूश होत्या. मला म्हणाल्या, "आता कशी शहाणी झालीस." मी हसले. इतक्या मनापासून मी त्या घरात कधी हसले नव्हते.

ज्या दिवशी मोठं काम सुरू व्हायचं होतं त्या सकाळी पीठ तेल लावून कुटून तयार होतं, ढिगानं. आम्ही आठजणी आत आलो आणि कोणीच पोळपाटाशी बसलं नाही. काकू म्हणाल्या, "बसा गं पोरींनो, उभ्या काय?"

आमच्यात उंबऱ्याच्या आत मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. आपल्या माणसाशी त्याच्याच घरात तमिळ बोलणं म्हणजे तोंडावर सांगणं, की तू माझा कोणी नाहीस, मी बाजारात उभी आहे. मी पुढे झाले. घसा बंद होता, पण तमिळमध्ये तो उघडला. भाजीवाल्याशी बोलायला मला कधीच लाज वाटली नव्हती.

"मुदलाळी अम्मा," मी म्हटलं, म्हणजे मालकीणबाई, "कणक्कै मुडिच्चुडुंगो." आमचा हिशेब पुरा करा.

काकूंचं तोंड चुना फासल्यासारखं झालं. "माझ्या घरात ही कसली भाषा? कोणाला म्हणतेस मुदलाळी? मी तुझी काकू!"

बाकीच्या सातजणींनी एकामागून एक तेच तमिळ शब्द म्हटले. काकू म्हणाल्या, "चालत्या व्हा! एक पैसा मिळायचा नाही. कुठे जाल? कोण ठेवेल तुम्हाला?"

आम्ही आत्याकडे गेलो. ते पीठ तिथंच आंबलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. उडदाचं थोडं वाटलं.

आत्याच्या घरचे नियम पहिल्याच दिवशी ठरले. लोक म्हणतात, किती चांगली पद्धत, किती शहाणपण. शहाणपण कसलं? काकू जे करायच्या त्याच्या उलट करायचं, एवढंच ठरलं होतं. कॉफी दुपारी, अंगणात, सगळ्यांना, एकाच वेळी. पाणी हवं तेव्हा. मोडला तर मोडला. तो तळून आम्हीच खायचा. आडोशाला नेऊन कोणी कोणाबद्दल बोलायचं नाही, बोलायचं ते तिच्या तोंडावर. पैशाला मजुरी म्हणायचं आणि शनिवारी सगळी द्यायची, ठेवून घ्यायची नाही. जिच्या घरात मूल आजारी असेल तिनं न विचारता घरी जायचं. हा शेवटचा नियम माझा. एकेक नियम मी त्या बाईच्या उरावर खिळा ठोकावा तसा ठोकला, आणि तिला राग यावा म्हणून तो पाळला. आता आम्ही सगळ्या सवयीनं पाळतो.

महामखम् तोंडावर आलं. काकूंनी चार परक्या बायका गोळा केल्या, पण ते अप्पळम् तेलात फुगेनात. ज्यांच्याकडून आगाऊ पैसे घेतले होते ते दाराशी येऊन बसू लागले. शेवटी काकू आल्या. आत्याच्या अंगणात, भर दुपारी, स्वतः.

"पोरींनो," त्या मराठीत म्हणाल्या, "तुमचे अप्पळम् मला विकत द्या. मागाल तो भाव देते."

आमची कॉफीची वेळ होती. आत्यानं त्यांच्यापुढे पाट सरकवला, आमच्या रांगेत. मी पेला भरून त्यांच्यासमोर ठेवला आणि तमिळमध्येच म्हटलं, "भावाचं मागाहून. आधी जुनी बाकी."

"ते... आता कोणाच्या लक्षात असणार, किती ते?"

त्यांना वाटत होतं, हिशेब फक्त त्यांच्याच डोक्यात आहे. पण आम्ही पोरवयापासून चिंचोक्यांनी खेळलेल्या. काकूंनी ठेवून घेतलेल्या रुपयागणिक एक चिंचोका प्रत्येकीनं घरी टाकून ठेवला होता. आत्याकडे आणून ठेवलेल्या आठ पुरचुंड्या त्यांच्यासमोर सुटल्या. कॉफीवर साय धरली. त्यांनी तिला हात लावला नाही. मग उठून घरी गेल्या आणि कनवटीला थैली खोचून परत आल्या.

पोळपाट उलटा करून त्याच्यावर त्यांनी रुपये मांडले, एक रुपया ठेवला की एक चिंचोका बाजूला सारायचा. आम्ही कोणी मदत केली नाही. माझी पाळी सगळ्यांत शेवटी आली. मी दिवाणाखालचं ते फडकं आणून ठेवलं होतं. ते सोडलं, सुकून पोकळ झालेली लसणीची गड्डी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची मूठ मिटून दिली.

"तुमचं होतं," मी म्हटलं. एवढं मात्र मराठीत.

त्या दुसऱ्या हातानं मांडत राहिल्या. शेवटचा रुपया ठेवला तेव्हा माझ्या पुरचुंडीत एकही चिंचोका उरला नव्हता. सगळे पैसे पुरे झाले होते.