त्यांनी लिहून दिलेली साक्ष

"हात खिशात ठेव. लोकांना बघवत नाही."

उपासनेला आत जाताना काकांनी मला दारातच सांगितलं. हसून, खांद्यावर हात ठेवून. काका म्हणजे जबलपुरातल्या आमच्या लहानशा मराठी ख्रिस्ती मंडळीचे वडीलधारे. शहरातल्या रांझी भागात त्यांचं वर्कशॉप. मी तिथे बारा वर्षं पत्रा कापायच्या पॉवर प्रेसवर होतो. त्याच प्रेसखाली माझा उजवा पंजा गेला. बोटं आत जाऊ नयेत म्हणून प्रेसला लोखंडी जाळी असते. ती काकांनी काढायला लावली होती, माल कमी निघतो म्हणून. मी दोनदा बोललो होतो. "काहून घाबरून राहिला रे? प्रभू आहे ना," म्हणाले.

तरी ते हॉस्पिटलात आले तेव्हा मी त्यांच्या गळ्यात पडून रडलो. ते रोज यायचे, प्रार्थना करायचे. बायकोलाही न सांगितलेली गोष्ट मी त्यांना सांगितली. एका सकाळी ड्रेसिंग चालू होतं, मी ओरडत होतो, आणि एकदम जाणवलं की ख्रिस्त माझ्या खाटेशी आहे. त्याच्याही हातांत खिळे ठोकले होते. दुखणं तसूभरही कमी झालं नाही. पण आत आनंद आला. तो अजून गेलेला नाही.

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते खरं मानलं. मूर्ख मी.

त्या रविवारी दारातून आत गेल्यावर त्यांनी माझ्या डाव्या हातात टाइप केलेला कागद दिला. माझी साक्ष. सगळ्यांपुढे उभं राहून वाचायची. त्यात माझी ती सकाळ होती, माझा आनंद होता. आणि खाली लिहिलं होतं: निष्काळजीपणा माझाच. प्रभूने आनंद दिला, म्हणून माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

"वाच आणि सही करून दे, बस," काका म्हणाले. "व्हिडिओ पण घेऊन ठेवतो."

पंजा गेला तेव्हाही मी असा मोडलो नव्हतो. माझ्यापाशी एवढंच उरलं होतं, तेही यांनी आपल्या बचावाला जुंपलं.

उपासना चालवणाऱ्या पाळकांनी माझं नाव घेतलं. मी पुढे गेलो, हात खिशातून काढला. म्हणालो, "आनंद माझा आहे. कागद यांचा आहे. जाळी यांनीच काढली. उद्या त्या प्रेसवर दुसरा बसणार."

पाळक घाबरले. "भैया, जरा प्रेमानं बोला ना. क्षमा करायला शिकवलं प्रभूनं."

"प्रभू मेलेल्यांतून उठला तेव्हा त्यानं आपल्या जखमा दाखवल्या, पाळकसाहेब. लपवल्या नाहीत."

काका उठून गेले. त्यांच्यामागे निम्मी मंडळी गेली. ज्यांच्या लग्नात, मयतात मी खुर्च्या उचलल्या, ते माझ्याकडे न बघता गेले. बायको मात्र जागची हलली नाही.

सोमवारी मी कामगार कार्यालयात अर्ज दिला. डाव्या हाताने लिहिलेला, वेडावाकडा. तेव्हापासून मंडळीतून निरोप येतात: अर्ज मागे घे, नाहीतर चर्चमध्ये पाऊल टाकू नको.

क्षमा करीनही एक दिवस. ते माझ्यात आणि प्रभूत. पण अर्ज मागे घेणार नाही. रविवारी जाणार, पुढच्या बाकावर बसणार, मोठ्याने गाणार. ख्रिस्त त्यांच्या वर्कशॉपात कामाला नाही.