पाच किलोवॅटची हौस

कळमनुरीहून हिंगोलीला येताना एसटीत शेजारी एक पन्नाशीचा माणूस बसला होता. मांडीवर इन्व्हर्टरचं खोकं. गाडी आदळली की तान्ह्या लेकरासारखं ते छातीशी धरी. मला गप्प बसवतं होय?

“नवा घेतला का?”

“परत द्यायला चाललो, आजी. छपरावर सोलरचे पॅनल दोनच, अन् इन्व्हर्टर घेतला पाच किलोवॅटचा. कोवळ्या उन्हात हा उठतच न्हाई. ऊन चढेपर्यंत बायकोची शिलाई मशीन बंद. दुकानदारानं लहान बदलून दिला तर बरं, न्हाई तर घरी कोणत्या तोंडानं जाऊ?”

“मग एवढा मोठा काहून घेतला?”

त्यानं उपरण्यानं खोक्यावरची नसलेली धूळ पुसली. “शेजाऱ्याचा तीनचा हाय.”

मला हसू आवरेना. नवी नवरी असताना मीही अशीच शहाणी. तिघांच्या पिठल्याला आंदणातलं सगळ्यांत मोठं पातेलं चढवलं होतं, सासरी माहेर दिसावं म्हणून. पिठलं तळालाच करपलं. हे मी त्याला सांगून टाकलं.

“सासूबाई काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, पातेलं झकास हाय. पिठलं कुठं हाय?”

तो इतका हसला की खोक्यावरचा हात पहिल्यांदाच सुटला. “हेच सांगतो दुकानदाराला,” म्हणत तो हिंगोलीत उतरला.

दुकानदारानं ऐकलं की नाही, देव जाणे. अजूनही सकाळी कुठं शिलाई मशीन वाजली, की मी आधी ऊन किती वर आलंय ते बघते.