म्हस्कूच्या शेतातला ठिबकचा फोटो

म्हस्कूच्या वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली. म्हस्कूनं ती विकून विहीर पाडली आणि निमगाव केतकीच्या शिवारात दीड एकर ऊस लावला. घर त्यावरच चालायचं. सरकारी अनुदानातलं त्याला काही कळत नव्हतं. कळत होतं ते आमच्यासारख्यांना. मी ठिबक सिंचनाच्या दुकानात कामाला. अर्ज भरायचे आणि शेतात नळ्या अंथरल्याचे फोटो काढायचे, हे माझं काम.

शेजारचे सावळारामतात्या गावचे पुढारी. स्वतःच्या जमिनीच्या सगळ्या गटांवर त्यांचं अनुदान घेऊन झालेलं. मग म्हस्कूची जमीन आपण कसायला घेतल्याचा कागद त्यांनी केला. म्हस्कूनं न वाचताच सही केली. "तात्या म्हनल्यावर न्हाय कसं म्हनायचं?" वर दिवसभर राबून नळ्याही त्यानंच अंथरल्या, आम्हाला चहा पाजला. मी फोटो काढला. ऊन उतरायच्या आत नळ्या गुंडाळून ट्रॅक्टरवर, पुढच्या गावच्या फोटोला. अनुदान तात्यांच्या खात्यात. याला म्हणे ऊसशेती सुधारणं. हेच तात्या सभेत 'अनुदान खऱ्या शेतकऱ्यालाच मिळालं पाहिजे' म्हणून भाषण ठोकतात आणि लोक टाळ्या वाजवतात. शिसारी येते.

यंदा विहिरीनं तळ गाठला. ठिबक असतं तर उरल्या पाण्यावर ऊस तगला असता, पण पदरचे घालून ते घ्यायची म्हस्कूची ऐपत नव्हती. तो अर्ज करायला माझ्याकडे आला. कॉम्प्युटरनं त्याचा गट नाकारला. या जमिनीवर अनुदान दिलेलं आहे, सात वर्षं पुन्हा मिळणार नाही. तो तात्यांकडे गेला. तात्यांनी ओसरीवर बसवलं, "सरकारचं कामच असलं हाय," म्हणाले आणि गाडीत बसून बारामतीला निघून गेले.

म्हस्कू परत दुकानात आला तेव्हा मी त्याला तावातावानं म्हणालो, "तक्रार करा, आबा. फोटो खोटा हाय म्हणून लिहून द्या. चौकशी झाली की गट मोकळा होईल."

"आन फोटो कुनी काढला म्हनून इचारलं तर?"

मी कॉम्प्युटरकडे वळलो.

"तुमची नोकरी जाईल, यशराज. लेकरं ल्हान हायती. ऱ्हाऊ द्या."

दोन दिवसांनी त्यानं वाळत चाललेला ऊस चारा म्हणून विकायला तोडला. मी रस्त्यावरून बघत होतो. आपण वाचलो, म्हणून मला हायसं वाटलं. तात्यांची किळस येतेच, पण त्या हायसं वाटण्याची जास्त येते.