कान धर

“कान धर,” मालक म्हणाले.

मला वाटलं, चेष्टा करताहेत. मी हसले. ते हसले नाहीत. “हसतीस काय? धर म्हणतोय ना कान.”

भर लगीनसराई. सांगलीतलं आमचं साड्यांचं दुकान गच्च भरलेलं. माझ्यासमोर गादीवर एक नवरी आणि तिच्या घरच्या बायका बसल्या होत्या. शालूत दुसरा रंग काढायला मी कपाटाकडे गेले. वाटेत एका बाईंनी इरकल मागितली. ती काढली, उलगडली, तिथंच बसून पदर दाखवत राहिले. इकडे नवरी ताटकळली, आणि सगळी मंडळी उठून समोरच्या दुकानात गेली.

मी कान धरले. पदवी घेतलेली, लग्नाच्या वयाची बाई मी. शाळेतल्या पोरीसारखी सगळ्यांसमोर उभी राहिले. कुणीतरी फिसकन हसलं. “आता ध्यानात राहील,” मालक म्हणाले. राहिलं. बाकी सगळं विसरते, हे मात्र राहिलं.

माझं डोकं लहानपणापासून असंच आहे. कुंडलला घरी असताना गॅसवर दूध ठेवायचे आणि विसरायचे. वर्गात बाई फळ्यावर लिहीत असायच्या आणि मी खिडकीबाहेर. वेंधळी, धांदरट, बिनडोक. शाळेनं नावं ठेवली, घरानं री ओढली. मीही मान डोलावली. आळशी म्हणा, पण आळशी माणूस इतकं दमत नाही हो. एक गिऱ्हाईक समोर असलं की मी कुणाला हार जाणारी नाही. पण चार तोंडं एकदम बोलायला लागली की डोक्यात नुसता कालवा होतो. कोण काय म्हणालं तेच हातात राहत नाही.

त्या कान धरण्यानंतर मी सुट्टीच्या दिवशी मिरजेला डॉक्टरांकडे गेले. मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला होता, त्यातली बाई अगदी माझ्यासारखं बोलत होती. डॉक्टरांनी खूप विचारलं, पुन्हा बोलावलं, आणि मग सांगितलं, याला एडीएचडी म्हणतात. लक्ष टिकवण्यातला दोष. हा आळस नाही. औषध आहे, सवयी लावून घ्याव्या लागतील. मी तिथंच रडले. इतकी वर्षं मी स्वतःलाच शिव्या घातल्या होत्या, त्या कुणी परत घेणार होतं का?

आईला फोन केला. ती म्हणाली, “गोळ्या घे बाय. पर कुणाला सांगू नगंस. लगीन व्हायचं हाय तुजं.”

नाही सांगितलं. सवय मात्र लावून घेतली. लग्नाचा बस्ता बांधताना साड्यांचे तीन ढीग पडतात. नवरीचा एक, विहिणीचा आणि जवळच्या मानकरणींचा एक, आणि आहेरात वाटायच्या साड्यांचा एक. साडी पसंत पडली की ती लगेच आपल्या ढिगात जायला हवी. मी फॉल-पिकोच्या टेबलावरच्या उरलेल्या पट्ट्या गोळा केल्या. नवरीच्या साडीला लाल, मानाच्या साडीला हिरवी, आहेराच्या साडीला पांढरी पट्टी बांधायची. चार काय, दहा तोंडं बोलू देत, पट्टी बघितली की कळायचं. दुकानात शेजारच्या गादीवर बसणाऱ्या सुरेखाताईसुद्धा म्हणाल्या, “लय बेस काढलंस गं.” महिनाभर माझी एक चूक झाली नाही.

मग साखर कारखान्याच्या एका संचालकांच्या मुलीचा बस्ता आला. बडं गिऱ्हाईक. मालक स्वतः गादीवर येऊन बसले. पट्ट्या बघून त्यांचं डोकं फिरलं. “ह्या चिंध्या कसल्या? बस्ता आहे का बोचकं?” भराभरा सगळ्या सोडून त्यांनी गादीखाली सारल्या. मी म्हणाले, “मालक, त्या असू द्या, मला लागतात.” “गप. पैठण्या काढ. चहा सांग. वरनं नऊवारी आण.” एका दमात तीन कामं. स्वतः चहा सांगून विसरतात, तेव्हा चूक चहावाल्याची असते.

व्हायचं तेच झालं. साड्या पिशव्यांत भरताना नवरीच्या आईनं विचारलं, “आवं, विहीणबाईंची मोरपंखी कुठं हाय?” शोधाशोध झाली. ती निघाली आहेराच्या साड्यांत. बाईंचा चेहरा उतरला. “मांडवात कळलं असतं म्हंजे? मोरपंखी दुसरीच्याच वटीत गेली असती. काय तोंड दाखवलं असतं आमी?” त्यांची भीती खोटी नव्हती. लग्नात अशा साडीवरून नाती तुटलेली मी बघितली आहेत.

“कान धर,” मालक म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघत होते.

“न्हाई धरणार.”

“काय?”

“चूक झाली. ह्या बाईंची माफी मागते. पर कान न्हाई धरणार. मला लक्षाचा आजार हाय, औषध चालू हाय. त्या पट्ट्या त्यासाठीच बांधत हुते. त्या तुमी सोडल्या.”

कुणीतरी माझ्या बाजूनं बोलेल असं मला क्षणभर वाटलं, खोटं कशाला सांगू? नवरीची आई मालकांना म्हणाली, “आजारी बाईला गादीवर बसवताच कशाला मग?” सुरेखाताई घड्या घालत राहिल्या.

मालकांचा आवाज एकदम मऊ झाला. त्या मऊपणाचा मला जास्त राग आला. “बरोबर आहे. उद्यापासनं तू तळघरात, गोदामात बस. माल लावायचा. पगार तोच. गिऱ्हाइकासमोर यायचं नाही.”

संध्याकाळी सुरेखाताईंनी समजावलं, “जा की गं गुमान. पगार तर तोच हाय. तिथं कोण बोलणार बी न्हाई तुला.” त्यांचं मन चांगलं आहे. पण कोण बोलणार नाही म्हणजे कोण बघणारही नाही. नावं ठेवून झाली, हसून झालं, आता झाकून ठेवायचं. माझा दोष मी झाकला तो आईसाठी. आता तो मी बोलून बसले आहे आणि परत गिळणार नाही.

उद्या दुकान उघडलं की मी गादीवर बसणार. साडी उलगडणार. गोदामाची पायरी उतरणार नाही. मला घालवायचंच असेल तर मालकांनी भर गर्दीत, गिऱ्हाइकांच्या समोर, कारण मोठ्यानं सांगून घालवावं. मी आपणहून उठणार नाही.