टाचणवहीतली सुनंदा

भर दुपारी, रिकाम्या वर्गात, आपलाच आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटावा, याइतकं अंगावर काटा आणणारं मला तरी दुसरं काही ठाऊक नाही. आश्विनातला शनिवार होता. सकाळची शाळा सुटली होती. बाहेर सड्यावरचं, म्हणजे उघड्या कातळमाळावरचं, गवत पिवळं पडू लागलं होतं आणि तापलेल्या कातळाचा नि वाळत्या गवताचा मिळून एक कोरडा, गोडसर वास खिडकीतून आत येत होता. वारा नव्हता, पाखरू नव्हतं. आमच्याकडची जुनी माणसं तिन्हीसांजेपेक्षा या घटकेला अधिक भितात. बाराच्या ठोक्याला सडा एकट्याने ओलांडू नये म्हणतात. बावीस वर्षं मी या भीतीला हसत आले. बाईंनी भ्यायचं नसतं, निदान पोरांसमोर तरी. त्या दुपारी पोरं घरी गेली होती.

मी तिथे काय करत होते, ते आधी सांगायला हवं. मला वर्गातून सुटका हवी होती. ऐकायला वाईट वाटतं ना? पण तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू? बावीस वर्षं खडूची भुकटी छातीत भरून घेतल्यावर, जिल्ह्याच्या तीन तालुक्यांतल्या तीन शाळा पालथ्या घातल्यावर, माणसाला खुर्ची दिसू लागते. अनुभवी शिक्षकांनी पुढे काय शिकावं याची तीन माहितीपत्रकं मी पर्समध्ये घालून महिनाभर हिंडत होते. एक होतं दोन वर्षांच्या पूर्णवेळ एम.एड.चं. त्याला लांब रजा लागणार होती आणि ती मागायचं धाडस माझ्यात नव्हतं. दुसरं दूरस्थ पद्धतीच्या एम.ए. शिक्षणशास्त्राचं: रविवारी संपर्कवर्ग, शेवटी स्वतःच्या कामावर प्रबंध. तिसरं शालेय व्यवस्थापनाच्या पदविकेचं: शनिवारी दुपारी वर्ग. ते सगळ्यांत सोपं, आणि उद्या मुख्याध्यापकाच्या खुर्चीकडे जाताना उपयोगी पडेल असं. मी तिसऱ्याचा अर्ज भरलाही होता. फक्त सही बाकी होती.

तो घेऊन रत्नागिरीतल्या अभ्यासकेंद्रावर गेले, तर तिथले समंत्रक, म्हणजे विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणारे सर, चष्मा कपाळावर चढवून बोलणारे एक शांत गृहस्थ, म्हणाले, "मॅडम, मुदतीला आठ दिवस आहेत. सही करण्यापूर्वी स्वतःचा एक पाठ मोबाइलवर घ्या आणि एकट्याने बघा. आपल्याला काय शिकायचंय ते त्यात दिसतं." मला मनातून हसू आलं. स्वतःचा पाठ काय बघायचा? झोपेत उठवलंत तरी म्हणून दाखवीन! पण सरांचा शब्द मोडवेना. शुक्रवारी मोबाइल कपाटावर टेकवून ठेवला, चौथीला पाण्याचा पाठ घेतला, आणि शनिवारी दुपारी तो बघायला बसले.

पहिली दहा मिनिटं मी स्वतःवर खूश होते. आवाज खणखणीत, फळ्यावरचं अक्षर सुबक, अकरा मुलं बसायच्या लांब पट्टीवर ओळीने बसलेली. मग पडद्यावरच्या त्या बाईने विचारलं, "विहिरीत पाणी कुठून येतं?" आणि हात वर केलेल्या दोन मुलांकडे न बघता, खिडकीकडून तिसऱ्या जागेकडे बोट करून म्हणाली, "हं, सांग सुनंदा." त्या जागेवर कोणी नव्हतं. दोन मुलींच्या मध्ये हातभर पट्टी मोकळी होती, आणि बाई त्या मोकळ्या पट्टीकडे बघत थांबली होती. अकराच्या अकरा मुलंही माना वळवून तिकडेच बघत होती. कोणी हसलं नाही, कोणी कुजबुजलं नाही. मग बाईने समाधानाने मान डोलावली, "शाब्बास" म्हणाली आणि फळ्याकडे वळली.

सुनंदा नावाची मुलगी माझ्या वर्गात नाही.

मी ते तीनदा पाहिलं. आपल्या हातून नकळत काही घडावं आणि ते परक्याच्या डोळ्यांनी आपल्यालाच बघावं लागावं, यासारखा एकाकीपणा नाही. आपण आपल्यात एकटेच राहतो, ही केवढी भाबडी समजूत! तहान लागली होती, पण पाण्याच्या माठापर्यंत जायला त्या पट्टीवरून जावं लागलं असतं. मी गेले नाही. कपाटाच्या तळाशी माझ्या जुन्या टाचणवह्यांचा गठ्ठा होता. उद्या काय शिकवणार ते शिक्षकाने रोज टाचणवहीत लिहायचं आणि मुख्याध्यापकांनी खाली सही करायची, हा आमचा नेम. आणि नवी वही उघडली की जुनी शेजारी ठेवून उतरवून काढायची, हा आमचा दुसरा, न बोललेला नेम. मी गठ्ठा सोडला. यंदाच्या वहीत, पाण्याच्या पाठाखाली, माझ्याच सुबक अक्षरात लिहिलेलं होतं: 'हा प्रश्न सुनंदाला विचारणे.' मागच्या वर्षीच्या वहीत तेच. त्याच्या मागच्या वर्षी तेच. पाठ्यपुस्तकं बदलली, शाळा बदलल्या, शाईचा पेन जाऊन बॉलपेन आला, आणि हे वाक्य मी दर वर्षी इमानेइतबारे उतरवत आले होते. खाली पाच मुख्याध्यापकांच्या सह्या, सगळ्या झोकदार. ही सुनंदा कोण, असं एकानेही विचारलं नव्हतं.

म्हणजे ती माझ्याबरोबर बदली होऊन फिरत होती! गुहागरकडून संगमेश्वरात, संगमेश्वरातून इथे. दर वर्षी एकदा मी तिला हाक मारत होते आणि दर वर्षी, कोण जाणे कुठून, उत्तर घेऊन पुढे जात होते.

सोमवारी वर्गात गेल्यावर मी शक्य तितक्या सहजपणे विचारलं की तिथे मध्ये जागा का सोडता रे. वरून गळतं म्हणून सोडत असतील, असं मी रविवारभर स्वतःला समजावलं होतं. चौथीतली आर्या, वर्गातली सगळ्यांत बोलकी, माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मीच तिची थट्टा करतेय. "ती सुनंदाची जागा हाय ना, बाई. तुमीच इचारताव तिला. माज्या ताईच्या वर्गात पन इचारलेलाव." मग आवाज खाली आणून, आपलं माणूस आपल्याला सांगतं तसं, म्हणाली, "ती मेलेली हाय ना, बाई?"

मी म्हटलं, पुस्तकं काढा.

मुलांना भीती वाटत नव्हती, हे मला नंतर उमगलं आणि त्यानेच जास्त भ्यायला झालं. आपल्याकडे न दिसणाऱ्याची जागा राखायची सवय किती जुनी! पितृपक्षात गेलेल्यांचं पान वाढून बाजूला ठेवतो, गावाच्या राखणदाराला त्याचं देणं देतो, मगच आपण जेवतो. या मुलांनी बाईंच्या सुनंदेला पट्टीवर हातभर जागा दिली, यात त्यांना वावगं काहीच वाटलं नव्हतं. थोरली मुलं धाकट्यांना सांगत आली आणि जागा राखली गेली. मी सोडून सगळ्या शाळेला ती ठाऊक होती.

पण खरं म्हणजे मलाही ठाऊक होती. नाव वाचताक्षणी ती डोळ्यांपुढे उभी राहिली होती. मीच तिच्याकडे पाठ फिरवून बसले होते. गुहागर तालुक्यातली माझी पहिली शाळा. मी तेवीस वर्षांची, नवी कोरी, तपासणीचे साहेब पाठ बघायला येणार म्हणून भेदरलेली. विहिरीत पाणी कुठून येतं, या प्रश्नावर सगळा वर्ग गप्प झाला, आणि खिडकीकडून तिसरी बसलेली एक सावळी, बारकी मुलगी उठून म्हणाली, "कातळाला बारीक बारीक तोंडा आसतत बाई, तितनं." साहेब हसले, मी तरले. त्या रात्री कृतज्ञतेने मी टाचणवहीत 'हा प्रश्न सुनंदाला विचारणे' हे वाक्य लिहिलं. आणि दिवाळीची सुट्टी संपल्यावर सुनंदा शाळेत आली नाही.

तिचं घर खाडीपलीकडच्या वाडीत होतं. होडीने जायचं, मग चढण. सलग गैरहजर मुलाच्या घरी शिक्षकाने जायचं असतं, आणि त्याची नोंद गृहभेटीच्या वहीत करायची असते. मी आज जाते, उद्या जाते करत राहिले. होडीची मला भीती वाटायची, हे एक, आणि कंटाळा, हे दुसरं. महिनाअखेर वह्या तपासायला मागवल्या तेव्हा मी लिहिलं: 'गृहभेट दिली. पालक परगावी.' वर्षअखेरीस हजेरीतून नाव कमी केलं. बस्स, इतकंच. यापुढे मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. ती जगली की आर्या म्हणते तसं झालं, हेही नाही. बावीस वर्षांत मी ते विचारलं नव्हतं. आणि आता मी इतर शिक्षकांच्या वह्यांवर सह्या करायला शिकवणाऱ्या अभ्यासक्रमाच्या अर्जावर सही करणार होते!

मुदतीचे तीन दिवस उरले होते. गुहागरकडच्या त्या शाळेतल्या आताच्या गुरुजींना फोन केला. त्यांनी दोन दिवसांनी कळवलं की सुनंदा नावाची बाई पंचक्रोशीत नाही, पूर्वी होती की कसं ते सांगता येत नाही. फोन ठेवला. कसल्या कसल्या कल्पना मनात आल्या, त्या इथे लिहीत नाही. शेवटच्या दिवशी रजा टाकली आणि जयगडहून फेरीबोटीत बसले. सही न केलेला अर्ज पर्समध्येच होता.

त्या शाळेच्या गावातल्या दुकानात एका म्हाताऱ्या बाईने बराच वेळ आठवून सांगितलं की खाडीपलीकडची एक मुलगी इथे दिली आहे खरी, पण लग्नात नाव बदललं, आता ती सुवर्णा. खालच्या आगरात सुपाऱ्या सोलायला जाते. तीच ती असेल-नसेल. मी आगरात उतरले. पुन्हा तीच घटका, भर दुपारची. पोफळींच्या दाट सावलीत ऊन नावालाही नव्हतं, समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. पुढे नारळीच्या विणलेल्या झापांच्या मांडवाखाली एक बाई पाठमोरी बसली होती. मी थांबले. तिथूनच, मला दुसरी हाक येत नव्हती म्हणून, वर्गातल्या आवाजात म्हटलं, "सुनंदा!"

"ओ, बाई," ती म्हणाली. आणि मग वळली.

कोण आलंय हे तिने पाहिलंही नव्हतं. तिचं तिलाही नवल वाटलं असावं, कारण हातातली सुपारी तशीच धरून ती माझ्याकडे बघत राहिली. जिवंत होती! बत्तीस वर्षांची, केसांत दोन पांढऱ्या बटा, नखं सालींनी काळवंडलेली, पण धडधाकट, जिवंत. मला रडू कोसळलं. तिने पाणी दिलं, गोणपाट टाकलं. मी बसले आणि काही न झाकता सगळं सांगितलं: साहेब, पाठ, टाचण, गृहभेटीच्या वहीतलं ते खोटं वाक्य. तिच्या हातांनी पुन्हा काम धरलं होतं. माझं संपल्यावर ती थांबली नाही, साल काढता काढताच म्हणाली, "माज्या आयेन सांगितलान हुता, बाई बोलवाय आल्या तर धाडीन. मी पंधरा दीस धक्क्यावर जाऊन बसत हुतंय. होडीत तुमी हायसा काय बघाय."

त्यात तक्रार नव्हती, राग नव्हता. झाडावर किती सुपारी आहे ते सांगावं तसं तिने सांगितलं. मी इतकी वर्षं वाट बघत थांबत होते ती एका प्रश्नाच्या उत्तरासाठी, आणि तेही मिळाल्यासारखं करून पुढे जात होते. तिने मात्र खरोखर वाट पाहिली होती. आमच्या दोघींत नाहीशी झालेली व्यक्ती ती नव्हती, मी होते. तिच्या बाजूने पाहिलं तर होडीत दर दिवशी एक रिकामी जागा येत होती आणि तिथे बाई नव्हती. भूत म्हणतात ते आणखी वेगळं काय असतं?

मग तिने माझ्या पर्समधून डोकावणारे कागद कसले ते विचारलं. मी तिन्ही माहितीपत्रकं गोणपाटावर पसरली आणि सांगू लागले, हे एम.एड., हे एम.ए., ही पदविका. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "आनि चौथीतनं फुडं जायाचा कागद हाय काय ह्यात?" नव्हता. तो दुसरीकडे मिळतो, मोठ्या माणसांनाही परीक्षेला बसता येतं, मी तुला शिकवीन, असं मी घाईघाईने बोलत सुटले. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की निघेन, दुपारच्या फेरीबोटीने येईन. तिने पहिल्यांदाच हात थांबवले.

"येनार आसाल तर खरंच या, बाई. नुसतं वहीत लिवू नका."

संध्याकाळी अभ्यासकेंद्र बंद व्हायच्या आत मी एम.ए.चा नवा अर्ज मागून भरला आणि त्यावर सही केली, कारण त्याचे वर्ग रविवारी असतात आणि शनिवार मोकळा राहतो.