उमरेडचा वाटा

रुपराव धकाते नागपूरच्या प्रताप नगरातल्या एका अपार्टमेंटच्या गेटवर वॉचमन आहेत. येणाऱ्याजाणाऱ्यांवर नजर ठेवायची, पाण्याची मोटार चालू-बंद करायची, कुणाचं पार्सल आलं तर ठेवून घ्यायचं. सगळे त्यांना काका म्हणतात. या काकांनी उमरेडला विणकरांची सोसायटी चालवली होती, हे तिथं कुणाला माहीत नाही. त्यांनीही कधी सांगितलं नाही, कारण सोसायटी आपल्याच हातानं बुडाली असं ते मानत आले होते.

झालं होतं असं. हातमागाचा माल खपेनासा झाला, तेव्हा सोसायटीचे चिटणीस म्हणून काय विणायचं ते रुपरावांनाच ठरवायचं होतं. लहानू निखारे त्यांचा शेजारी, आणि सोसायटीच्या कामातला जोडीदारही. तो म्हणत होता, टॉवेल-चादरी विणू आणि दवाखान्यांना देऊ. रुपरावांना ते पटलं नाही. आपली ओळख करवती काठाच्या, करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असलेल्या साडीची. तीच चांगल्या सुतात विणली तर शहरातल्या बाया आपणहून येतील, असं त्यांना वाटलं. साड्या विणल्या. देखण्या झाल्या, आणि कपाटातच राहिल्या. दिसायला तशाच पॉवरलूमच्या साड्या बाजारात निम्म्या भावात मिळत होत्या. मग कुणी माग मोडून कोळसा खाणीवर गेलं, कुणी नागपूर धरलं. शेवटी शेवटी भर बैठकीत लहानू म्हणाला, "रुपराव, तुह्या हट्टापायी चाळीस घरं देशोधडीले लागले." त्या दिवसापासून त्यानं बोलणं टाकलं. रुपराव बायको सिंधूताई आणि मुलगी दामिनी यांना घेऊन सक्करदऱ्याला भाड्याच्या घरात राहायला आले.

कागदावर मात्र सोसायटी जिवंत होती. माग चालायचे ते शेडही उभं होतं. ते विकून टाकावं, सोसायटी बंद करावी, असं उरलेले सभासद दर बैठकीला म्हणत आणि रुपराव दर वेळी आडवे येत. आपण जिथं चुकलो तिथूनच पुन्हा सुरुवात करू, या खेपेला लहानूचं ऐकू, हा एकच विचार त्यांच्या डोक्यात असे. गेटवर बसल्या बसल्या ते चादरींचा मेळ घालत. किती माग लागतील, सूत कुठून येईल, कोणत्या दवाखान्यात आधी जायचं. चूक कुठली ते माहीत होतं, म्हणजे दुरुस्तीही माहीत होती. त्या भरवशावर माणसाचे दिवस निघत होते.

दामिनी अर्थशास्त्रात पीएचडी करत होती. विदर्भात कुठल्या तालुक्यात कुठला रोजगार वाढला, कुठला घटला, हा तिचा विषय. त्यासाठी तिनं शिफ्ट-शेअर नावाची पद्धत घेतली होती. उमरेडचं काम हातावेगळं झालं तसं ती वडिलांना सांगायला उतावीळ झाली. एका सकाळी रुपराव ड्यूटीवर निघायच्या आधी तिनं त्यांना बसवूनच घेतलं.

ती म्हणाली, गावातला एखादा धंदा वाढला किंवा घटला, तर त्या बदलाचे तीन वाटे पाडायचे. पहिला देशाचा: सगळे धंदे मिळून देशातलं काम ज्या वेगानं वाढलं, तो वेग. दुसरा त्या धंद्याचा: बाकी धंद्यांच्या मानानं तो देशभर पुढे गेला की मागे पडला. आणि हे दोन्ही वजा करून जे उरतं, तो गावाचा स्वतःचा वाटा.

रुपरावांच्या चेहऱ्यावर काही उमटेना, तेव्हा तिनं सोपं करून सांगितलं. "बाबा, समजा आपल्या गावात शंभर जण मागावर होते. देशातल्या एकूण कामाच्या वेगानं गेले असते तर एकशेवीस झाले असते. पण हातमाग देशभर निम्म्यावर आला. त्या हिशेबानं आपल्या इथं पन्नासच राहायले पाहिजे होते. राहिले साठ. हे जे दहा जास्तीचे, तो उमरेडचा वाटा."

खरे आकडे वेगळे होते, पण कल हाच होता. रुपराव चिटणीस होते त्या वर्षांत उमरेडचे माग इतर ठिकाणांपेक्षा सावकाश बंद पडले होते. ते कशामुळं, हे ही पद्धत सांगत नाही, एवढं दामिनीनं प्रामाणिकपणे सांगितलं. रुपरावांनी विचारलं, चादरी विणल्या असत्या तर? चादरी विणणारी गावंही तिनं पाहिली होती. तिथलाही धंदा बसला होता, काही ठिकाणी तर उमरेडच्या आधी.

"तुमची चूक नव्हती, बाबा," ती म्हणाली. तिला वाटलं होतं, त्यांच्या छातीवरचा धोंडा उतरेल.

रुपरावांनी ड्यूटीवर न्यायची पिशवी उचलली. मग म्हणाले, "चूक असती तं बरं होतं वं, बाई. सुधरवता तरी आली असती."

त्या दिवशी गेटवर त्यांनी सवयीनं चादरींचा मेळ घालायला घेतला, आणि तो पुढे सरकेना.

पुढच्या बैठकीला ते एसटीनं उमरेडला गेले. शेड विकायचा विषय निघाला. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, कारण आता ते आडवे येणार हे ठरलेलंच होतं. रुपरावांनी हात वर केला. दोन-चार जणांना तो विरोधाचाच वाटला. पुन्हा विचारावं लागलं. बंद करा, ते म्हणाले.

ते बस स्टँडकडे निघाले तसा लहानू मागून आला. "काहून गा? आज काहून हो म्हणलं?" इतक्या वर्षांनी तो पहिल्यांदा बोलत होता.

दोघं स्टँडच्या बाकावर बसले. रुपरावांनी जमेल तसे तीन वाटे समजावून सांगितले. मध्ये अडखळले, पुन्हा मागे गेले. ऐकून झाल्यावर लहानूनं विचारलं,

"म्हंजे आपन वाईट नोतो?"

"नोतो. बाकीच्याइपेक्षा बरे होतो."

"बरे असून बुडलो." लहानू म्हणाला. "मंग मी इतके वर्सं तुह्यावर राग धरून राहिलो, तो कोनावर धराचा होता?"

समोरून कोळशाचे ट्रक जात होते. दोघं ते बघत बसले.

नागपूरची गाडी लागली. रुपराव खिडकीशी बसले तेव्हा लहानू खाली उभा राहून म्हणाला, "तिकडं गेटवर एखादी जागा असन तं सांगजो. माह्यासाठीच." हे म्हणताना त्याची नजर खाली होती.

"इचारतो," रुपराव म्हणाले.

त्यांच्या गेटवर नुकतेच कॅमेरे बसले होते आणि त्यांच्या जोडीचा दुसरा वॉचमन कमी केला होता. तरी त्यांनी विचारलं. आजूबाजूच्या इमारतींतही चौकशी केली. सगळीकडे तरण्या माणसाची मागणी होती. हे लहानूला कळवायचं म्हणून ते मधूनच फोन हातात घेतात, त्याचा नंबर काढतात, आणि तेवढ्यात कुणाची तरी गाडी हॉर्न देते. ते उठून गेट उघडतात.